चाल मेरे भाई!

‘उद्या पबमध्ये जायचंय. बूट चांगले घाल,’ दादा म्हणाला.

मी जाम खूष! मँचेस्टरला येऊन चार दिवस झाले होते आणि आत्तापर्यंतचं नाइटलाइफ म्हणजे रात्री नऊला वहिनीच्या हातची मुगाची खिचडी आणि हीटरशेजारी डुलकी. मी ताबडतोब बॅगेच्या तळातून हील्सचे काळे बूट काढून दाखवले. वहिनी हसून हसून सोफ्यावर आडवी.

‘अगं, चिखलातले बूट म्हणतोय तो! आणि सकाळी सातला उठायचंय.’

तर मंडळी, ही त्या पबची गोष्ट. एक नाही, तीन पब. मध्ये सोळा किलोमीटर चाल, दोनदा डोंगर चढणं, दोनदा उतरणं, एक आडवा पाऊस आणि एक गोष्ट जी दादाने आख्ख्या घरापासून लपवून ठेवली होती.

आधी दादाबद्दल. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी अकरा वर्षांची असताना राजगडावर मला पहिल्यांदा नेलं ते यानेच. गुंजवण्यातून चढताना चोरदरवाजाच्या खाली मी भोकाड पसरलं होतं, तेव्हा ‘बारके, खाली बघू नकोस, माझ्या बुटांकडे बघ,’ असं म्हणत याने मला वर काढलं होतं. तेव्हापासून मी याच्या मागे डोळे झाकून चालते. चार वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी मँचेस्टरला आला आणि आमचे ट्रेक बंद पडले. या सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी मी त्याच्याकडे गेले, तेव्हा एक शनिवार राखून ठेवायचा हे फोनवरच ठरलं होतं.

पब म्हणजे ‘तसला’ पब नव्हे

आपल्याकडे पब म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? काळोख, डीजे, दारात बाउन्सर, कव्हर चार्ज आणि वॉशरूमच्या रांगेत भेटणारी जन्मजन्मांतरीची मैत्रीण. मूळ शब्द मात्र ‘पब्लिक हाउस’. सगळ्यांचं घर. इंग्लंडच्या खेड्यातला पब हा आपल्याकडचा पार, चावडी, चहाची टपरी आणि खानावळ असा चार इन वन प्रकार आहे. शेकोटी असते. कुत्री असतात, आणि त्यांच्यासाठी पाण्याचं भांडंही. एक आजी कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत असते. डीजे नसतो.

त्याची जोडीदार म्हणजे पायवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर लांबीच्या वाटा अशा आहेत, की ज्यांवरून चालायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. वाट कुणाच्या शेतातून जाईना का, कुणाच्या अंगणाला लागून जाईना का, जमीन त्याची, पण वाट सगळ्यांची. शेतकऱ्याने कुंपण घातलं तरी त्यात चढून ओलांडायच्या लाकडी पायऱ्या किंवा माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही असं फाटक ठेवावं लागतं. पिवळा बाण दिसला की बिनधास्त घुसायचं!

आणि नकाशा! दादाने ट्रेनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा उघडला तो समोरच्या काकूंच्या मांडीपर्यंत पोचला. या नकाशात पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात आणि पबसाठी चक्क निळा बिअरचा मग छापतात. सरकारी नकाशात! मी त्या क्षणी या देशाचे गेल्या दोनशे वर्षांतले काही अपराध पोटात घातले.

आशेचं स्टेशन

मँचेस्टर ते शेफील्ड ही रेल्वेलाइन १८९४ साली सुरू झाली आणि ती पीक डिस्ट्रिक्टच्या मधोमध जाते. शहर संपतं, मग एक लांबलचक बोगदा लागतो, आणि बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला अचानक सगळं हिरवं. आपल्या कर्जत-खंडाळ्याच्या बोगद्यांसारखंच. फक्त वडापाव नाही.

तासाभराच्या आत आम्ही उतरलो त्या गावाचं नाव होप. खरंच. स्टेशनच्या पाटीसमोर मी फोटो काढायला लागले तर दादा म्हणाला, ‘चल, पुरे.’ एरवी हाच माणूस प्रत्येक पाटीखाली उभा राहून पोज देतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पब नंबर एक गावाच्या चौकात होता. सकाळची वेळ, म्हणून बिअरचा प्रश्न नव्हता. (माझा तरी नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचा होता.) इथे पहिला धडा मिळाला. पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघायची नसते. बारपाशी उठून जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. कोण आधी आलं हे बारवाल्याला माहीत असतं आणि तुम्हालाही माहीत असावं अशी अपेक्षा असते. आपल्या लोकलच्या दारातल्या नियमांसारखं, लिहिलेलं कुठेच नाही पण मोडलंत तर मेलात.

मी कॉफी घेतली. दादाने काहीच नाही. ‘माझ्याकडे थर्मास आहे, पुढे पिऊ.’

गावाबाहेर पडलो आणि शेतं सुरू झाली. मेंढ्या, दगडांच्या गडग्यांची कुंपणं, फाटक, परत मेंढ्या. एका बाजूला सिमेंट फॅक्टरीची उंच चिमणी. एवढ्या सुंदर दरीत ही कशाला, असं मी म्हणाले, तर दादा म्हणाला, ‘गावातल्या लोकांना पगार नको?’ जरा चिडूनच. मी गप्प.

लूज हिल. उंची ४७६ मीटर. समोरच्या टेकडीचं नाव विन हिल. सातव्या शतकात दोन राजांची इथे लढाई झाली, जिंकलेला त्या टेकडीवर होता आणि हरलेला या टेकडीवर, अशी दंतकथा. पुरावा शून्य. पण नावं अशी असल्यावर गोष्ट कुणी सोडेल का? आकडा ऐकून ‘एवढंसंच?’ असं म्हणालात ना? मीही म्हणाले होते. सिंहगड तेराशे मीटरच्या वर आहे, वगैरे. शेवटच्या चढावर वाऱ्याने माझी टोपी उडवली, मग केस, मग अहंकार.

वीस वर्षांचा मेकॅनिक

वर एक गोल दगडी चबुतरा आहे. कुठल्या दिशेला काय दिसतं ते त्यावर कोरलंय. उत्तरेला, दरीच्या पलीकडे, एक लांबच लांब काळपट पठार पसरलं होतं. किंडर स्काउट. दादाने थर्मास काढला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. ही त्याची जुनी सवय, माथ्यावर पोचलं की इतिहास.

शंभर वर्षांपूर्वी या डोंगरांवर पाय ठेवायला बंदी होती. जमीन सरदार-उमरावांची, तिथे ग्राउज नावाचे पक्षी पाळायचे आणि वर्षातले थोडे दिवस शिकार करायची. बाकी वर्षभर राखणदार. आणि दरीच्या दोन्ही टोकांना मँचेस्टर आणि शेफील्ड, म्हणजे कापडगिरण्या आणि पोलाद. सहा दिवस धुरात काम करणाऱ्या पोरांना सातव्या दिवशी हे डोंगर दिसायचे, पण चढता यायचे नाहीत.

२४ एप्रिल १९३२. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा मेकॅनिक आणि त्याच्यासोबत शेकडो तरुण-तरुणी पलीकडच्या हेफील्ड गावातून सरळ किंडरवर चालत गेले. राखणदारांशी झटापट झाली. परतताना पोलीस उभेच. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार महिने. गंमत म्हणजे नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर चालणं हा फौजदारी गुन्हा नव्हताच, म्हणून खटले दंगलीचे आणि मारामारीचे लावले. पण या शिक्षांनी देश हलला. १९४९ मध्ये कायदा झाला, १९५१ मध्ये हा भाग ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि २००० सालच्या कायद्याने डोंगरपठारांवर मुक्त फिरायचा हक्क आला. २००२ मध्ये, ज्या ड्यूकच्या आजोबांची ती जमीन होती त्या ड्यूकने किंडरखाली येऊन जाहीर माफी मागितली. सत्तर वर्षांनी का होईना!

आम्ही उभे होतो तो लूज हिलचा तुकडाही असाच. शेफील्डच्या कामगारांसाठी १९०० मध्ये भटकंतीचा क्लब काढणाऱ्या जी. एच. बी. वॉर्डना १९४५ मध्ये भटक्यांनी तो भेट दिला. वॉर्डसाहेबांनी तो लगेच नॅशनल ट्रस्टच्या हवाली केला.

मला आपल्याकडचे डोंगर आठवले. लहानपणी ज्या पायवाटेने आम्ही गडावर जायचो, तिथे आता एका फार्महाउसची भिंत आहे आणि वर काचा. गावातले लोक वळसा घालून जातात. आपल्याकडे त्यावर कुणी बोलत नाही, आपण आपले दुसरी वाट गुगलतो.

‘वीस वर्षांचा होता रे तो,’ मी म्हणाले. ‘तुरुंगात गेला, नोकरीचं काय झालं असेल त्याच्या?’

दादा म्हणाला, ‘नोकरी काय, जाते आणि येते.’ आणि थर्मासचं झाकण लावायला लागला. आटे नीट बसेनात. दोनदा काढून लावलं त्याने.

माझा राउंड

तिथून डोंगराची सोंड पकडून चालायचं. डावीकडे होपची दरी, उजवीकडे एडेलची, मध्ये आपण. बॅक टॉर नावाचा एक कडा लागतो, तो उतरताना बसून उतरले, लाज नाही. मग हॉलिन्स क्रॉस नावाची खिंड. एडेल गावाला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथली माणसं आपल्या मृतांना खांद्यावर घेऊन ही खिंड ओलांडून कॅसलटनला न्यायची. पुढे एडेलला कापडगिरणी आली, तेव्हा कॅसलटनच्या बायका कामासाठी हीच खिंड रोज चढायच्या-उतरायच्या. रोज! आणि मी हिंजवडीच्या ट्रॅफिकवर दोन कॉलम लिहिले होते.

खिंडीतून डावीकडे खाली उतरलं की कॅसलटन. एवढंसं गाव, त्यात पाच-सहा पब. डोक्यावर पेवेरिल किल्ल्याचा पडका बुरूज आणि पायथ्याशी एक प्रचंड गुहा, जिच्या तोंडाशी शेकडो वर्षं दोरखंड वळणारी कुटुंबं राहायची. गुहेचं मूळ नाव मी मावशीसमोर उच्चारू शकत नाही. सभ्य भाषांतर ‘सैतानाचं बूड’. व्हिक्टोरिया राणी येणार म्हणून नाव बदलून ‘पीक कॅव्हर्न’ केलं असं सांगतात. पाहुणे येणार म्हणून घर आवरायची पद्धत सगळीकडे सारखीच.

पब नंबर दोन. बाहेर पाटी, ‘चिखलाचे बूट आणि कुत्री यांचं स्वागत’. आत शेकोटी. मी पहिल्यांदा पंपाने हाताने ओढलेली एल घेतली, अर्धा पाइंट. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलीलिटर, त्यामुळे अर्धाही आपल्या मानाने बक्कळ. ही थंडगार नसते. तळघरात साधारण बारा डिग्रीला ठेवलेली, फेस बेताचा. चव? कोमट, कडवट, करपलेला पाव चहात बुडवल्यासारखी. पहिल्या घोटाला वाटलं पैसे वाया. चौथ्याला वाटलं, अरे. सहाव्याला अर्धा पाइंट संपला होता.

जेवायला प्लाउमन्स लंच. म्हणजे नांगरटवाल्याचं जेवण. पाव, चीजचा तुकडा, लोणचं, कांदा. चला, म्हटलं, ही इंग्रजांची कांदाभाकरी! पण दादाने फुगा फोडला. हे नाव घराघरांत पोचलं ते १९६० च्या दशकात, दूधवाल्यांच्या मंडळाने चीज खपावं म्हणून केलेल्या जाहिरातीमुळे. बिचारा शेतकरी पाव-चीज खायचा खरा, पण त्याला ‘लंच’ म्हणत नव्हता.

आता इथे राउंडचा फंडा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंग्रज माणूस आपलं आपलं पेय आणत नाही. एक जण उठतो, सगळ्यांसाठी आणतो. पुढच्या वेळी दुसरा. आपली पाळी चुकवणं हे इथलं महापाप. टीटीएमएम नाही, उधारी नाही, फक्त पाळी. दादाला हा प्रकार चार वर्षांत रक्तात भिनलेला. शिवाय तो माझा मोठा भाऊ. मला कमवायला लागून सहा वर्षं झाली (फ्रीलान्सरच्या कमाईला कमाई म्हणत असाल तर), पण याने मला कधी एका चहाचे पैसे देऊ दिलेले नाहीत. एकदा पुण्यात बिलावरून आमची इतकी ओढाताण झाली होती की बिलाचे दोन तुकडे झाले.

तर मी आपली सवयीने म्हणाले, ‘दादा, हा राउंड माझा.’ आणि भांडणाच्या तयारीने पर्स छातीशी धरली.

दादा म्हणाला, ‘बरं.’

बस, एवढंच. ‘बरं.’ आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मी बारपाशी गेले, पैसे दिले, पण माझं लक्ष उडालं होतं. सकाळची न घेतलेली कॉफी. सॅकमधले घरून आणलेले सँडविच, जे त्याने पबबाहेरच्या बाकावर आधीच खाऊन घेतले होते, ‘मला भूक नाही, तू घे लंच’. गेले चार दिवस ‘वर्क फ्रॉम होम’, आणि डायनिंग टेबलावरचा लॅपटॉप एकदाही उघडलेला नाही. वहिनीचं मधेच गप्प होणं. मास कॉमची डिग्री आहे माझ्याकडे, चार दिवस एकाच घरात राहून मला बातमी दिसली नव्हती!

तुटलेला रस्ता

दुसरा चढ. कॅसलटनहून माम टॉरकडे जाणारा एक जुना गाडीरस्ता आहे. होता. या डोंगराची पूर्वेकडची बाजू सतत खाली घसरते, म्हणून त्याला ‘थरथरणारा डोंगर’ म्हणतात. रस्ता खचायचा, दुरुस्त करायचे, परत खचायचा. शेवटी १९७९ साली हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद केला. आता तिथे डांबराच्या थरांवर थर उघडे पडलेत, मधली पांढरी रेघ अचानक चार-पाच फूट खाली जाते आणि तिथून पुढे चालू राहते. लोक तिथे सेल्फी काढतात.

मी सेल्फी काढला नाही. त्याच्या शेजारून चालत, समोर बघतच विचारलं, ‘दादा, पैशांचं काही आहे का?’

वीसेक पावलं काहीच नाही. मग म्हणाला, ‘ऑगस्टमध्ये कंपनीने आमची आख्खी टीम काढली.’

मग तो बोलत सुटला. एका सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. एचआरची बाई कागदावरचं वाचत होती. सगळ्यात वाईट नोकरीचं नाही, व्हिसाचं. स्पॉन्सर करणारी कंपनी गेली की होम ऑफिसचं पत्र येतं आणि तिथून साधारण साठ दिवस. तेवढ्यात नवी स्पॉन्सर कंपनी मिळवायची, नाहीतर बॅगा भरायच्या. पत्र अजून आलं नव्हतं. रोज दुपारी पोस्टमन दारातल्या फटीतून कागद टाकतो तेव्हा याच्या पोटात गोळा. एकोणतीस अर्ज झाले होते, तीन इंटरव्ह्यू.

‘वहिनीला माहितीय?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘मावशीला?’

‘वेडी आहेस का? तिने सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, मुलगा मँचेस्टरला मॅनेजर आहे म्हणून.’

तुम्हाला सांगते, समोरासमोर बसून तो हे बोलला नसता. घरी विचारलं असतं तर ‘काही नाही गं’ म्हणून टीव्ही लावला असता. चालताना बरं असतं. दोघांनाही पुढे बघायचं असतं. गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही, कारण चढ आहे, दम लागलाय, हे कारण तयार असतं. आणि मधेच एक फाटक येतं, ते धरून ठेवायचं, तेवढ्यात समोरच्याला डोळे पुसता येतात.

माम टॉरचा माथा ५१७ मीटर. नावाचा अर्थ ‘आई डोंगर’. वर गेल्यावर लक्षात आलं, की माथ्याभोवती मातीचे तट आहेत. हा किल्ला आहे! साधारण तीन हजार वर्षांपूर्वी इथे वस्ती होती आणि नंतर हे तट उठले. ‘दादा, तू मला परत किल्ल्यावरच आणलंस की!’ मी ओरडले. तो दिवसभरात पहिल्यांदा नीट हसला. आणि नेमका तेव्हा पाऊस आला. वरून नाही, बाजूने. पाच मिनिटांत आतल्या बनियनपर्यंत चिंब. आम्ही दोघं फरशीच्या वाटेने खिंडीपर्यंत जवळजवळ धावलो, तिथून उजवीकडची होपची दरी सोडून डावीकडे एडेलमध्ये उतरलो, आणि मी त्याच्या बुटांकडे बघत बघत आले. तेच, राजगडासारखं.

पब नंबर तीन

एडेलचा ओल्ड नॅग्स हेड १५७७ सालचा म्हणतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रेपन्न वर्षं आधीचा. याच्या दारातून पेनाइन वे सुरू होते, ब्रिटनमधली १९६५ साली खुली झालेली, थेट स्कॉटलंडच्या हद्दीत जाणारी ४२९ किलोमीटरची वाट. तिचं दुसरं टोकही पबच. भटकंतीची पुस्तकं लिहिणाऱ्या वेनराइट यांनी ठरवून टाकलं होतं, की जो कुणी ही वाट पूर्ण करेल त्याला त्या शेवटच्या पबमध्ये बिअर त्यांच्या खर्चाने. ते १९९१ साली गेले, तोपर्यंत ते बिल भरत होते. याला म्हणतात राउंड!

आम्ही ओले कपडे घेऊन शेकोटीसमोर वाफाळत बसलो. मी दोन अर्धे आणले. दादा परत ‘बरं’ म्हणाला, पण या वेळी जरा कमी लाजून.

मी म्हणाले, ‘मावशीला सांग.’

‘आत्ता? तिकडे साडेदहा वाजलेत.’

‘सिरियल संपली असेल. सांग.’

गावात मोबाइलला रेंज नावालाच, पण पबचं वायफाय होतं. त्याने फोन लावला. स्पीकरवर. चार वाक्यं अडखळत बोलला. पलीकडे शांतता. मग मावशी म्हणाली, ‘मला वाटलंच होतं.’

‘कसं?’

‘अरे, तू चार वर्षांत दुपारचा फोन कधी उचलला नाहीस. मीटिंग, मीटिंग. आणि गेला महिनाभर पहिल्या रिंगला उचलतोयस. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.’

दादा काही बोलेना. मी काही बोलेना. शेजारच्या टेबलाखालचा कुत्रा उठून आमच्याकडे बघायला लागला.

‘आणि हे मागे आवाज कसले येतायत? कुठे आहात तुम्ही?’

‘पब... हॉटेलमध्ये आहोत, मावशी,’ मी म्हणाले.

‘बारकीला घेऊन दारूच्या दुकानात बसलायस? घरी जा आधी दोघं!’

आणि मग तिने पैसे पाठवू का, असं विचारलं. रुपयांत. पेन्शनमधले. तेव्हा मात्र दादा ‘आलोच’ म्हणून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आत आला.

शेवटची बातमी. मी परत आल्यानंतर आठवड्याने ते पत्र आलं. घड्याळ सुरू झालंय. हा कॉलम लिहिताना एका इंटरव्ह्यूची दुसरी फेरी झालीय, आणि वहिनीने दोन बॅगांचं वजन करून ठेवलंय. दोन्ही तयारी. हे सगळं छापू का, असं दादाला विचारलं तर म्हणाला, ‘छाप. आता आईला माहितीय, मग जगाला कळलं तरी काय?’ मग म्हणाला, ‘आणि लिही, की तुझे दोन राउंड माझ्यावर बाकी आहेत.’

लिहिलं. कुठल्या देशात फेडतोस ते बघू. इथे आलास तर गडाच्या पायथ्याशी लिंबू सरबत चालेल.

जायचंय?

कसं : मँचेस्टर पिकॅडिली किंवा शेफील्डहून होप व्हॅली लाइनची गाडी. होपला उतरा, एडेलहून परत चढा. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, मग निवांत बसा.

वाट : होप, लूज हिल, बॅक टॉर, हॉलिन्स क्रॉस, कॅसलटन, जुना रस्ता, माम टॉर, परत हॉलिन्स क्रॉस, एडेल. साधारण सोळा किलोमीटर. पब धरून आख्खा दिवस.

काय घ्याल : पकड असलेले बूट, खराखुरा रेनकोट (छत्री विसरा), कागदी नकाशा. ऊन असलं तरी.

पबमध्ये : ऑर्डर बारपाशी. पीत नसाल तर लाइम-सोडा किंवा चहा मागा, कुणी भुवई उचलत नाही. चालायचं असेल तर अर्ध्यावर थांबा. शाकाहाऱ्यांसाठी प्लाउमन्स आहेच, फक्त त्यात हॅम नको हे आधी सांगा.

आणि सोबत : ज्याला बरेच दिवसांत काही विचारलं नाहीये, असं कुणीतरी.